गाडीला जागा दाखवायची म्हणून अंगणात पत्र्याचं गॅरेज? वारा, ऊन आणि नियमांचा हिशोब काय सांगतो

नवी गाडी घ्यायची असेल तर आधी ती उभी कुठे करणार ते दाखवा, असं मे २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी जाहीर केलं. पार्किंगच्या जागेचं महापालिकेचं प्रमाणपत्र नसेल तर नव्या गाडीची नोंदणी होणार नाही, असा या धोरणाचा आशय. जपानमध्ये असा कायदा १९६२ पासून आहे. तिथे गाडी घेणाऱ्याला घरापासून दोन किलोमीटरच्या आत गाडी ठेवायची जागा असल्याचा दाखला पोलिसांकडून घ्यावा लागतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी हा प्रश्न सोसायटी आणि बिल्डर यांच्यात अडकलेला. पण तालुक्याच्या गावी, उपनगरात किंवा जुन्या वसाहतीत ज्यांच्या घराला थोडं अंगण आहे, त्यांना उत्तर सोपं वाटतं. चार-सहा खांब उभे करायचे, वर पत्रा टाकायचा, पुढे शटर लावायचं, झालं गॅरेज. हल्ली कापून, भोकं पाडून आलेले सुटे भागही मिळतात. नटबोल्ट आवळत दोन-तीन माणसांनी दोन सुट्ट्यांत उभं करावं, अशी त्यांची जाहिरात असते.

उभं करता येतं, यात खोटं काही नाही. प्रश्न पुढचे आहेत. ते वाऱ्याला टिकेल का, मे महिन्यात त्यात पाय ठेवता येईल का आणि महापालिकेची नोटीस येईल का?

दाखल्यासाठी छप्पर लागतंच का?

आधी शेवटचा प्रश्न, कारण त्यात अनेकांची गल्लत होते. पार्किंगचा नियम जागा मागतो, छप्पर नाही. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे 'यूडीसीपीआर'मध्ये, एका मोटारीसाठी धरलेली जागा २.५ मीटर बाय ५ मीटर आहे. डिसेंबर २०२० पासून लागू झालेली ही नियमावली मुंबई आणि काही विशेष क्षेत्रं सोडून बहुतेक महाराष्ट्राला लागू आहे. एवढी मोकळी जमीन असेल आणि गाडी आत-बाहेर काढता येत असेल, तर जागेचा प्रश्न तिथेच सुटतो.

त्यावर पक्कं छप्पर घातलं की वेगळंच प्रकरण सुरू होतं. घराच्या कडेने जी जागा सोडायला लावतात, ती हवा, उजेड आणि आग लागली तर बंबाला वाट मिळावी म्हणून. लोक नेमकं तिथेच शेड टाकतात. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार परवानगीशिवाय केलेलं बांधकाम अनधिकृत ठरतं आणि कलम ५३ ची नोटीस येऊ शकते. 'आमचं बोल्टचं आहे, उचलून नेता येतं, मग ते बांधकाम कसं?' हा युक्तिवाद फॅब्रिकेटरच्या तोंडी हमखास असतो. त्याच्या भरवशावर पैसे घालू नयेत. स्वतंत्र बंगल्याच्या भूखंडावर गॅरेजला काही अटींवर परवानगी मिळू शकते. जागा, उंची आणि अंतर यांचं गणित स्थानिक बांधकाम परवानगी विभागात आधीच विचारून घ्यावं. सोसायटीच्या जागेत असेल तर सर्वसाधारण सभेची मंजुरीही लागेल.

इथे धोरणातली विसंगती दिसते. एकच महापालिका एका खिडकीतून पार्किंगचं प्रमाणपत्र देणार आणि दुसऱ्या खिडकीतून त्याच पार्किंगवरच्या पत्र्याला नोटीस काढणार. नियम लागू करताना या दोन खिडक्या एकमेकींशी बोलल्या नाहीत, तर भुर्दंड गाडीवाल्यालाच.

पत्रा स्वस्त का झाला नाही?

सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी फेरबदलात सिमेंटवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. पोलाद मात्र १८ टक्क्यांवरच राहिलं. त्याआधी एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने सपाट पोलादी उत्पादनांच्या आयातीवर १२ टक्के सुरक्षा शुल्क लावलं होतं, आणि त्या यादीत जस्ताचा मुलामा दिलेले व रंगीत पत्रेही होते. म्हणजे गॅरेजच्या पायावरचा कर कमी झाला, छपराला तशी सवलत मिळाली नाही.

मग बचत कुठे होते? पत्र्याच्या जाडीत. दुकानात 'पॉइंट पाच'चा पत्रा मागितला की मिळणारी जाडी बहुतेक वेळा मुलामा आणि रंग धरून असते, आतलं पोलाद त्याहून पातळ असतं. बिलावर दोन्ही आकडे लिहून मागणं हा ग्राहकाचा हक्क आहे, पण ते फार थोडे लोक करतात. दुसरी बचत स्क्रूंच्या संख्येत होते आणि तिसरी खांबाखालच्या काँक्रीटमध्ये. या दोन्ही गोष्टी काम झाल्यावर कुणाला दिसत नाहीत. पहिलं वादळ येईपर्यंत तरी.

गॅरेज पडत नाही, उडतं

गावाकडच्या पत्र्याच्या छपरावर दगड, जुने टायर, विटा ठेवलेल्या सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्यामागे पक्कं शहाणपण आहे. छपराला खालून आधार देणं जितकं महत्त्वाचं, तितकंच त्याला वरून धरून ठेवणं.

भारतीय मानकात (आयएस ८७५, भाग ३) इमारतीच्या आराखड्यासाठी धरायचा वाऱ्याचा मूळ वेग पुण्याला सेकंदाला ३९ मीटर आहे, मुंबई आणि नागपूरला ४४ मीटर. ताशी हिशोबात हे सुमारे १४० आणि १५८ किलोमीटर होतात. पुण्याच्या वेगाला एका चौरस मीटरवर सुमारे ९० किलो वजनाइतका दाब येतो. छपरावर हा दाब बहुतांशी वर ओढणारा असतो. शटर उघडं राहिलं किंवा वाऱ्याने वाकलं, तर हवा आत शिरून छपराला खालूनही ढकलते.

आता ३ मीटर बाय ६ मीटरचं, म्हणजे ज्याला बाजारात दहा बाय वीस म्हणतात तसं गॅरेज घेऊ. छप्पर १८ चौरस मीटर. वर ओढणारं बळ ढोबळमानाने १,६०० किलो. पत्र्याचं स्वतःचं वजन जेमतेम ९० किलो, सांगाडा धरून सगळं मिळून तीन-चारशे. उरलेले बाराशेहून अधिक किलो कुणी धरायचे? अर्थात पायाने. सहा खांब असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला दोनशेहून अधिक किलो येतात. दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट खोल काँक्रीटचा ठोकळा साधारण ५०० किलो भरतो, म्हणून तो प्रत्येक खांबाखाली असावा. जुन्या फरशीत चार इंच भोक पाडून ठोकलेले बोल्ट हे काम करत नाहीत. त्या बोल्टांनी फरशीचा तुकडाच उचकटून येतो. हा अंदाजाचा हिशोब आहे. उघड्या माळावर, समुद्राकाठी किंवा टेकडीवर बळ वाढतं, तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आकडे तपासून घेतलेले बरे.

मराठवाडा-विदर्भात आणखी एक अडचण म्हणजे काळी माती. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते आणि खांब वरखाली होतात. मग शटर अडकतं, पत्र्याचे सांधे फाकतात. अशा जमिनीत काळी माती काढून मुरूम लागेपर्यंत खोल जावं लागतं, किंवा खड्ड्यात मुरूम भरून तो चांगला ठोकून घ्यावा लागतो. तयार भागांसोबत येणाऱ्या माहितीपत्रकात काळ्या मातीचा उल्लेख शोधूनही सापडणं कठीण.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं, तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीत घरांची, शाळांची, गोठ्यांची छपरं गेली. वाऱ्याची ओढ सर्वात जास्त असते ती छपराच्या कडेला, कोपऱ्यांत आणि माथ्याच्या बाजूला. म्हणून त्या पट्ट्यात स्क्रू मधल्या भागापेक्षा जवळजवळ हवेत. बऱ्याच शेडवर मात्र सगळीकडे सारख्याच अंतराने, आणि शेवटी संपत आले म्हणून कडेलाच कमी, असे स्क्रू दिसतात.

स्वतः उभारताना

स्वतः करायचं तर बोल्टचा सांगाडा घ्यावा, वेल्डिंगचा नाही. जागेवर वेल्डिंग केलं की जस्ताचा थर जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. वर नुसता रंग मारला की दोन पावसाळ्यांत तो फुगून येतो.

आखणीत एक आकडा लक्षात ठेवावा. ३ बाय ६ मीटरच्या चौकटीचे दोन्ही कर्ण ६.७१ मीटर भरले पाहिजेत. बाजू बरोबर पण कर्ण वेगळे असतील तर चौकट तिरकी आहे, आणि हे लक्षात येतं ते शेवटचा पत्रा दोन बोटं कमी पडतो तेव्हा. काँक्रीट ओलं असतानाच बोल्ट बसवायचे असतील तर खांबाच्या तळपट्टीचा प्लायवूडचा साचा करून बोल्ट त्यातून उभे धरावेत. पाण्याचा मारा निदान आठवडाभर हवा, तोवर खांब उभे करायची घाई करू नये.

पत्रे कारखान्यातूनच लागेल त्या लांबीचे कापून आणावेत. ग्राइंडरने कापले तर ठिणग्या रंगीत थरात रुततात आणि महिन्याभरात तांबडे ठिपके उमटतात. स्क्रू पन्हळीच्या माथ्यावर मारला तर पाणी झिरपण्याची शक्यता कमी. रबरी वॉशर किंचित दबेल एवढाच तो आवळायचा. जोर लावून चपटा केलेला वॉशर उन्हात लवकर तडकतो.

पत्रा चढवताना वारा असेल तर काम थांबवावं. दहा-वीस फुटांचा पत्रा हातात शिडासारखा फुगतो आणि माणसाला घेऊन खाली येतो. वरून विजेच्या तारा जात असतील तर तिथे हे काम स्वतः करूच नये.

आत भट्टी का होते?

पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी जे सोसवत नाही, ते फक्त गरम हवेमुळे नसतं. डोक्यावरचा पत्रा स्वतः शेगडीसारखा उष्णता फेकत असतो. गडद निळा किंवा हिरवा पत्रा मे महिन्याच्या उन्हात ६५ अंशांपर्यंत सहज तापतो. तेवढा तापलेला पत्रा खालच्या वस्तूंवर दर चौरस मीटरमागे साधारण दीडशे ते दोनशे वॅट उष्णता टाकतो. १८ चौरस मीटरच्या छपराचा हिशोब केला तर अडीच ते साडेतीन किलोवॅट. म्हणजे अकोल्याच्या किंवा चंद्रपूरच्या दुपारी त्या खोलीत दोन-तीन रूम हीटर लावून ठेवल्यासारखं आहे. पंखा लावून हे थांबत नाही, कारण पंखा हवा हलवतो, पत्र्याची धग अडवत नाही.

म्हणून इन्सुलेशन म्हणजे काहीतरी जाड, मऊ पत्र्याला चिकटवणं, ही समजूत आधी सोडावी लागते. उष्णता तीन ठिकाणी अडवता येते, आणि स्वस्त उपाय सर्वात वर आहे.

पत्रा घेतानाच पांढरा किंवा फिका घ्यावा. गडद आणि पांढऱ्या पत्र्याच्या भावात फारसं अंतर नसतं, तापमानात मात्र असतं. जुना पत्रा असेल तर ऊन परतवणारा पांढरा रंग मारता येतो. नवा असताना असा रंग सुमारे ८० टक्के ऊन परत फेकतो. धूळ बसली की हे प्रमाण घटतं, त्यामुळे मार्चमध्ये छप्पर एकदा धुऊन घ्यायला हवं. अहमदाबाद महापालिकेने २०१३ च्या उष्णता कृती आराखड्यानंतर गरीब वस्त्यांतल्या छपरांसाठी हाच मार्ग धरला. तेलंगणाने तर २०२३ मध्ये स्वतंत्र 'कूल रूफ' धोरण आणून पाच वर्षांत ३०० चौरस किलोमीटर छपरं अशी करण्याचं उद्दिष्ट ठेवलं.

दुसरा उपाय हवेची वाट. खाली जाळीच्या झडपा आणि माथ्यावर फट ठेवली, तर तापलेली हवा आपोआप वर जाते आणि खालून थंड हवा येते. माथ्यावरचा फिरता पंखा, ज्याला टर्बो व्हेंटिलेटर म्हणतात, तोही चालतो. पण खालून हवा यायला जागा नसेल तर तो नुसताच फिरताना दिसतो. कबुतरांसाठी जाळी विसरू नये.

तिसरा उपाय चकचकीत अॅल्युमिनियमची फॉइल. बाजारात ती बुडबुड्यांच्या प्लास्टिकसोबत मिळते, आणि सर्वात जास्त फसगत इथेच होते. फॉइलचं काम धग पुढे न फेकण्याचं आहे. त्यासाठी तिच्या चकचकीत बाजूसमोर निदान इंचभर मोकळी हवा लागते. पत्र्याला घट्ट चिकटवली तर त्या बाजूची फॉइल फक्त पत्र्यासोबत तापते. पत्र्याखालच्या आडव्या पाइपांवर ती अशी अंथरावी की वर पत्रा आणि फॉइल यांच्यात पोकळी राहील. चकचकीत बाजू खाली असेल तर तिच्यावर धूळ बसत नाही, हा आणखी एक फायदा.

यावर जाड थर हवाच असेल, म्हणजे गॅरेजमध्ये कुणी काम करणार असेल किंवा एसी बसवायचा असेल, तर ५० मिलिमीटर काचलोकर किंवा ३० मिलिमीटर पफ पॅनेल. दोघांचा उष्णता अडवण्याचा जोर जवळपास सारखा. पफ पॅनेल दोन पत्र्यांमध्ये फोम भरून तयार येतं, त्यामुळे स्वतः बसवणाऱ्याला सोयीचं. पण ते महाग, आणि फोम पेट घेतो. थर्माकोल आणि बुडबुड्यांचं प्लास्टिकही तसंच. २०२२ मध्ये पुण्यासह अनेक ठिकाणी इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्यानंतर केंद्राला बॅटरी सुरक्षेचे नियम कडक करावे लागले होते. ज्या गॅरेजात रात्री गाडी चार्जिंगला लावायची आहे, तिथे डोक्यावर जळणारा फोम नसावा. काचलोकर जळत नाही. अंगाला खाजते, म्हणून हातमोजे आणि मास्क लावूनच ती हाताळावी. पोलादी शेडमध्ये वीज घेताना सांगाड्याचं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच हवाच. भिजलेल्या पत्र्यात वीज उतरली तर जीव जातो.

परदेशी व्हिडिओ इथे का चालत नाहीत?

गॅरेज इन्सुलेट कसं करावं हे शोधलं की बहुतेक व्हिडिओ अमेरिका-कॅनडातले सापडतात. तिथली चिंता आतली ऊब बाहेर जाऊ नये ही असते. म्हणून ओल अडवणारा प्लास्टिकचा थर ते आतल्या, उबदार बाजूला लावतात. कोकणात पावसाळ्यात दमट हवा बाहेर असते. आत एसी असेल तर बाहेरची ओल आतल्या प्लास्टिकपर्यंत येऊन अडते, लोकर भिजते आणि पत्रा आतून गंजतो.

एसी नसला तरी पहाटे पत्र्याला घाम येतो. निरभ्र रात्री पत्रा भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो आणि हवेतली वाफ त्याच्या खालच्या बाजूला थेंब होऊन जमते. नाशिक-निफाडकडे हिवाळ्यात गाडीच्या टपावर सकाळी पडलेले थेंब अनेकदा छपराच्या गळतीचे नसून याच घामाचे असतात. त्यावर डांबर लावून उपयोग नाही. छपराला पुरेसा उतार हवा आणि फॉइल वळचणीपर्यंत न्यायला हवी, म्हणजे थेंब घरंगळून बाहेर पडतात.

विदर्भात पत्र्यावर तुराट्या, कडबा पसरून ठेवतात किंवा ओलं गोणपाट टाकतात. कोरड्या हवेत ओलं गोणपाट खरोखर काम करतं, पाणी वाफ होताना पत्र्याची उष्णता घेऊन जातं. मालवणच्या दमट हवेत त्याचा उपयोग नाही. कडब्याखाली उंदीर होतात आणि ठिणगी पडली तर सगळंच जातं, तरी तो अंथरणाऱ्याला सावलीचं महत्त्व माहिती विकणाऱ्यांपेक्षा जास्त कळलेलं असतं.

गाडी तशी सोसते. बॅटरीचं आयुष्य उष्णतेने घटतं, रंग उडतो, एवढंच. पण गॅरेज फार दिवस फक्त गाडीचं राहत नाही. कुठे शिकवणी सुरू होते, कुठे शिलाई मशीन येतं, कुठे रात्रपाळीचा वॉचमन दिवसा तिथेच झोपतो. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे १६ टक्के कुटुंबांच्या घराचं छप्पर पत्र्याचं किंवा सिमेंट-पत्र्याचं होतं. बाजारात पत्रा विकणारा ग्राहकाला रंग आणि जाडी विचारतो. आत कोण बसणार आहे, हे मात्र विचारत नाही.